यंत्र निवडणारा एक, चालवणारा दुसरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील साफसफाईच्या यंत्रांवरचा लेख वाचला. कोणती मोटर किती वॅटची, सोबत किती ब्रश मिळतात, सगळे त्यात आहे. ते यंत्र रोज कोण हाताळणार, याबद्दल मात्र एक ओळही नाही. अशा यंत्रांची दुरुस्ती हाच माझा व्यवसाय, म्हणून राहवले नाही.

वॅटवरून मोटर वीज किती खाते ते कळते, सक्शन, म्हणजे कचरा ओढण्याची ताकद, किती ते कळत नाही. फिल्टर चोंदला असेल किंवा नळीच्या जोडातून हवा गळत असेल, तर 2000 वॅटचा व्हॅक्यूम क्लीनरही कचरा जागच्या जागी ठेवतो. ‘ओढत नाही’ म्हणून दुरुस्तीला आलेल्या कितीतरी यंत्रांची मोटर ठणठणीत असते. झाकण उघडले की फिल्टरवर केसांचा आणि धुळीचा नमदा बसलेला. हवाच पुढे जात नाही, मोटर तापते आणि जळका वास यायला लागतो. धुण्याजोगा फिल्टर जरूर धुवावा, पण पूर्ण सुकल्याशिवाय परत बसवू नये. ओल्या फिल्टरवर धुळीचा लगदा होतो. आणि निव्वळ कोरड्या कचऱ्यासाठी असलेल्या यंत्राने सांडलेले पाणी ओढायला जाणे म्हणजे शॉकला निमंत्रण.

कार्यालयांत दुसरीच तऱ्हा. फरशी घासायचे सिंगल डिस्क यंत्र कॅटलॉग बघून मागवले जाते आणि सकाळी सफाई कर्मचाऱ्याच्या हाती दिले जाते. ते ताकदीने ढकलायचे नसते. हँडल किंचित उचलले की ते एका बाजूला सरकते, किंचित दाबले की दुसऱ्या बाजूला. हे न सांगता सुरू केलेले यंत्र माणसाला ओढत नेऊन भिंतीवर आदळते, आणि वर त्यालाच ऐकावे लागते. मोकळ्या, ओल्या फरशीवर थोडा वेळ सराव दिला तर एवढे रामायण होत नाही.

पाण्याच्या जोरदार धारेने धुणाऱ्या प्रेशर वॉशरबद्दल तर लेखात फक्त ‘चिवट मळ निघतो’ एवढेच आहे. घरगुती यंत्रातसुद्धा पाण्याचा दाब शंभर बारच्या पुढे जातो. अरुंद नोझलची ती धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसे; पण पाणी आणि घाण आत पसरलेली असते. अशा वेळी मलम लावून थांबू नये, तडक रुग्णालय गाठावे. चप्पल घालून किंवा अनवाणी हे यंत्र चालवणारे पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. काम संपल्यावर स्विच आणि नळ बंद करून ट्रिगर एकदा दाबावा, म्हणजे होजमध्ये अडकलेला दाब निघून जातो.

विजेचे दोनच शब्द. ओल्या जागेत चालणारे यंत्र 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) हवे, आणि रिळावरची एक्स्टेन्शन केबल पूर्ण उलगडूनच वापरावी. गुंडाळलेली केबल तापते आणि वितळते. प्लग बसत नाही म्हणून अर्थची पिन कापणाऱ्यांना काय म्हणावे ते आपणच ठरवा. ब्लीच आणि आम्ल असलेला टॉयलेट क्लीनर एका टाकीत किंवा बादलीत कधीही एकत्र ओतू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

खरेदी करणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की ऑर्डर देण्याआधी यंत्र रोज चालवणाऱ्या व्यक्तीच्या हाती द्या. पाण्याने भरलेली टाकी तिलाच उचलून रिकामी करू द्या, जिना चढू द्या, फिल्टर काढून परत बसवू द्या. ती ‘जड आहे’ म्हणाली, तर ते घेऊ नका. महिनाभरात ते अडगळीत जाणार.

पुढच्या वेळी तुलनेचा तक्ता छापाल तेव्हा त्यात वजन, केबलची लांबी, आवाज किती डेसिबल आणि सुटे फिल्टर सहज मिळतात की नाही, हे चार रकाने वाढवावेत ही विनंती.

आपला,
एक यंत्रदुरुस्ती व्यावसायिक