तिचं डोकं दुखतंय म्हणाली तर

अमरावती, रविवार रात्र

चि. मुन्नास अनेक आशीर्वाद.

परवा सूनबाईच्या गरोदरपणातल्या बीपीवरून मी ओरडले आणि तू फोन ठेवलास. ठेवलास ते बरंच झालं, नाहीतर माझ्या तोंडून आणखी काही गेलं असतं. दोन दिवस तुझ्या फोनची वाट पाहिली. आता लिहायलाच बसले. ताई याचे फोटो काढून पाठवेल.

आज बीपीचं काढायचं नाही असं ठरवलंय. गोधडीचं सांगते. आजीच्या दोन लुगड्यांची केलीय, आतून बाबांचं धोतर लावलंय. कडा तेवढ्या राहिल्यात. ती सूनबाईला दाखव. मी तिला सूनबाई म्हटलं की ती कशी हसते! मागच्या वेळी स्वतःच म्हणाली, "आई, मी सूनबाई." ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने ते पाहिलं, तू नाही पाहिलंस.

लग्नात आत्या तिच्या रंगावरून बोलली तेव्हा मी भांड्यांचा आवाज करत स्वयंपाकघरात उभी राहिले. तुला वाटलं असेल, आईला ऐकू आलं नाही. आलं होतं रे. मी बोलायला हवं होतं. सात वर्षं झाली, अजून सलतं.

तू म्हणालास, "आई, १४२ म्हणजे काही फार नाही. दवाखान्यात गेलं की तिचं वाढतंच. आणि पाय तर सगळ्यांचेच सुजतात." बाळा, पाय सगळ्यांचे सुजतात हे वाक्य तू माझ्याकडूनच ऐकलंयस. चौतीस वर्षं नर्सच्या नोकरीत मी ते बायकांना सांगितलं. म्हणून तर मला एवढा राग आला.

ताईने तुमच्या तिकडच्या सीडीसीचे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचे, बाळंतपणातल्या मृत्यूंचे आकडे काढून दिले. २०२३ साली एक लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या बायका दगावल्या १४.५ आणि कृष्णवर्णीय बायका ५०.३. आपल्या महाराष्ट्राचा २०१८-२० चा आकडा ३३ होता. मोजायच्या पद्धती वेगळ्या असतात, हे मला कुणी शिकवायला नको, मी तसले तक्ते आयुष्यभर भरले. तरी ती वही मिटून मी बराच वेळ बसून राहिले. तुझ्या एमएससाठी परतवाड्याचा प्लॉट विकला तेव्हा बाबा म्हणाले होते, "तिथे निदान दवाखाने तरी चांगले आहेत." दवाखाने चांगलेच आहेत. तिथे आपल्या कृष्णवर्णीय सूनबाईचं म्हणणं कोणी ऐकून घेतं का, एवढंच मला विचारायचंय.

तुला वाटेल, ती शिकलेली आहे, कॉलेजात शिकवते, विमा आहे. मलाही तसंच वाटायचं. पण त्याच सीडीसीने २०१९ मध्ये लिहिलंय की कॉलेजची पदवी असलेल्या कृष्णवर्णीय बायकांचं गरोदरपणाशी संबंधित मृत्यूचं प्रमाण तेवढ्याच शिकलेल्या गोऱ्या बायकांच्या पाचपट आहे. शाळासुद्धा पुरी न केलेल्या गोऱ्या बाईपेक्षाही जास्त आहे. शालोन अर्व्हिंगचं तू वाचलं असशील, तुमच्या अटलांटाचीच. सीडीसीतच संशोधक होती. माणसामाणसांच्या तब्येतीत हा फरक का पडतो, हाच तिचा अभ्यास. २०१७ च्या जानेवारीत बाळंत झाली, सूज आणि बीपी घेऊन पुन्हा पुन्हा डॉक्टरांकडे गेली, आणि बाळ तीन आठवड्यांचं असताना गेली. म्हणून सांगते, बाळंतपण झालं की सुटलो असं समजू नकोस. नंतरचे सहा आठवडे मशीन कपाटात टाकायचं नाही.

तू शाळेत रिले पळायचास, शेवटचा टप्पा नेहमी तुझा. २०१६ ला रिओत अमेरिकेच्या ज्या मुलींनी चार बाय शंभरचं सुवर्ण घेतलं, त्यांच्यात शेवटचा टप्पा टोरी बोवीचा होता. २०२३ मध्ये ती आठ महिन्यांची गरोदर असताना घरात एकटीच गेली. गरोदरपणातल्या बीपीचे झटके आले असावेत, असं तपासणीत निघालं. त्याच संघातल्या ॲलिसन फेलिक्सला २०१८ मध्ये बीपीमुळेच बत्तिसाव्या आठवड्यात तातडीने सिझेरियन करावं लागलं. एवढ्या धडधाकट पोरी! सूनबाईला आता एकतिसावा चालू आहे.

हे रक्तातच असतं, असं कोणी म्हणालं तर मान्य करू नकोस. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या बायकांच्या बाळांची वजनं डॉक्टरांनी तपासली होती. ती तिथल्या गोऱ्या बायकांच्या बाळांच्या जवळ जाणारी निघाली. तिथेच जन्मलेल्या कृष्णवर्णीय बायकांची बाळं मात्र कमी वजनाची. म्हणजे रंगावरून जन्मभर सोसलेलं अंगात उतरतं. विहीणबाईंनी लग्नाच्या आदल्या रात्री मला त्यांच्या पहिल्या मुलीचा फोटो दाखवला होता, दोन दिवसांची. मला इंग्रजी येत नाही आणि त्यांना मराठी. आम्ही दोघी तो फोटो धरून बसलो होतो. तिथे अजूनही हजारातली दहाहून जास्त कृष्णवर्णीय बाळं वर्षाची होत नाहीत, गोऱ्यांची साडेचार.

पुन्हा भाषण सुरू झालं माझं. माफ कर. पण एक सांगायचंच आहे, ते मी बाबांनाही कधी सांगितलं नाही.

१९९८ चा पावसाळा. तू चौथीत होतास. मी मेळघाटात उपकेंद्रावर होते. एक कोरकू आदिवासी बाई ढान्यावरून, म्हणजे त्यांच्या पाड्यावरून, चालत आली, आठवा संपत आलेला. कपाळावर हात ठेवून काहीतरी सांगत होती, पुन्हा पुन्हा तेच. मला तिची भाषा धड येत नव्हती. बीपीचं मशीन बिघडलेलं होतं, पण लघवी उकळून त्यात प्रथिनं जातात का ते बघायला काय लागतं? परीक्षानळी होती, स्पिरिटचा दिवा होता. मासिक अहवाल द्यायचा होता म्हणून मी घाईत होते. आणि खरं सांगते, आम्ही सिस्टर आपसात म्हणायचो, यांना सांगून काही उपयोग नाही, शेवटी जाणार भुमकाकडेच, त्यांच्या वैदूकडे. मी तिला पॅरासिटामॉल दिली आणि घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी बाजेवर घालून आणली, झटके चालू. नाल्याला पूर होता, जीप पलीकडे अडकली. ती गेली, पोटातलं बाळही गेलं. मी दोन दिवस जेवले नाही आणि तू विचारलंस, "आई, तुला ताप आहे का?" मी हो म्हणाले.

ती भुमकाकडे गेलीच नव्हती, मुन्ना. आधी माझ्याकडेच आली होती.

म्हणून १४२ ऐकून तू हसलास तेव्हा मला तू दिसला नाहीस, मी दिसले.

आता नीट वाच. सकाळ-संध्याकाळ बीपी. आधी पाच मिनिटं तिला शांत बसव, पाठ टेकलेली, हात टेबलावर, बोलायचं नाही. डोकं दुखून गोळीने थांबत नसेल, डोळ्यांपुढे काजवे येत असतील, बरगडीखाली उजवीकडे दुखत असेल, चेहरा एकाएकी सुजला असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० दिसला तर मलाही फोन करत बसू नकोस, सरळ दवाखान्यात. आणि तिथे कोणी म्हणालं की ती उगाच घाबरते, तर तू त्यांच्या बाजूने मान डोलवायची नाहीस. तू तिचा नवरा आहेस, तिच्या शेजारी उभं राहायचं आणि म्हणायचं, ती सांगतेय ते लिहून घ्या.

तू चांगला नवरा आहेस हे मला माहीत आहे. तिच्या पायांना तेल लावताना व्हिडिओत दिसलास, बाबांनी माझ्यासाठी कधी एवढं केलं नाही. मला अभिमान वाटतो. भीतीही वाटते, काय करू.

माझं तिकीट २० तारखेचं आहे. डिंकाचे लाडू तिथे येऊनच करीन, डिंक आणि खारीक घेतलीय.

तुझी,
आई

ता. क. आजचे दोन आकडे पाठव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.