अण्णा, दीर्घिका मेली हे असं कळतं

ती. आई आणि अण्णा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर अण्णांनी विचारलं, "ती तुमची दीर्घिका मेली हे तुम्हाला इतक्या लांबून कळतं कसं?" मी तोंड उघडणार तोच आईने 'आज काय जेवलीस' सुरू केलं, आणि ते राहूनच गेलं. म्हणून लिहून कळवते. आई, हे फक्त अण्णांसाठी आहे असं म्हणून पान उलटू नकोस. भात-आमटी जेवले, झालं समाधान? आता वाच.

मेली म्हणण्याआधी जिवंत कशाला म्हणायचं ते सांगते. मोठ्या दीर्घिकेच्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या गोतावळ्याच्या, मध्यभागी एक कृष्णविवर असतं, सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाचं, कधी अब्जावधी पट. त्यात आजूबाजूचा वायू पडायला लागला की काही वेळा त्यातला थोडा भाग आत जातच नाही. दोन विरुद्ध दिशांना झोत होऊन तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर सुटतो. हे झोत दीर्घिका मागे टाकून लाखो प्रकाशवर्षं जातात आणि दोन्ही टोकांना प्रचंड फुगे तयार होतात. फुग्यांतले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गरगरतात आणि रेडिओ लहरी सोडतात. साध्या दुर्बिणीतून मधला एवढासा ठिपका दिसतो, बाकीचा पसारा रेडिओ दुर्बिणीलाच कळतो.

वायू संपला की झोत थांबतात, आणि तेव्हा दीर्घिका मेली असं आम्ही म्हणतो. फुगे मात्र लगेच मावळत नाहीत. त्यातले जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा भराभर उधळतात, कमी ऊर्जेचे जपून वापरतात. वरच्या वारंवारतेच्या लहरी जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सोडतात, त्यामुळे वरच्या वारंवारतेचं तेज आधी जातं आणि खालच्या वारंवारतेचं मागे टिकून राहतं. 1400 मेगाहर्ट्झला जे जवळपास पुसलं गेलंय, ते 150 मेगाहर्ट्झला अजून दिसू शकतं.

अण्णा, बेल्ह्याच्या बाजारात विकणारा काहीही सांगो, तुम्ही बैलाचे दात बघून आदत, दुसा, चौसा की जुळलेला ते सांगता. आमचं दात बघणं म्हणजे एकाच फुग्याचं तेज वेगवेगळ्या वारंवारतांना मोजणं. ते कुठून घसरायला लागलंय हे सापडलं की फुग्याचं वय काढता येतं. आणि एका बैलाचा आख्खा जन्म बघत बसायची गरज नसते, बाजारात सगळ्या वयाची जनावरं एकदम उभी असतात. आकाशातही तसंच आहे. एकेका दीर्घिकेचा हा खेळ कोट्यवधी वर्षं चालतो, आम्ही एकाच क्षणाचं चित्र घेतो, पण त्यात कोवळ्या, भरात असलेल्या आणि विझत आलेल्या सगळ्या सापडतात. एवढं मात्र कबूल करते, की तुमचा अंदाज आमच्यापेक्षा पक्का. फुग्यातलं चुंबकीय क्षेत्र नेमकं किती हे आम्हाला गृहीत धरावं लागतं आणि त्यावर सगळं वय हलतं.

म्हणून खालच्या वारंवारतेच्या दुर्बिणी लागतात. इथे हॉलंडमध्ये एक्स्लो गावाजवळ लोफार नावाची रेडिओ दुर्बीण आहे. तिला तबकडी नाहीच. माळावर हजारो लहान अँटेना मांडून ठेवल्यात आणि दिशा संगणक ठरवतो. तुम्ही आलात तर 'ह्याला दुर्बीण म्हणायचं?' असंच विचाराल. आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या, जीएमआरटीच्या, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या बघितलेल्या माणसाला हे काय आवडणार! ती दुर्बीण उभारणाऱ्या शास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांनी त्या तबकड्या भरीव पत्र्याच्या न करता तारेच्या जाळीच्या केल्या. रेडिओ लहरींना तेवढी जाळी पुरते आणि वारा आरपार जातो, म्हणून एवढी मोठी गोष्ट त्या पैशात उभी राहिली. मला आजही लोफारपेक्षा तीच जास्त देखणी वाटते.

दोन्हींचं काम जुळतंही. 2024 मध्ये पॉर्फिरिऑन नावाच्या झोतांच्या जोडीची बातमी आली, टोकापासून टोकापर्यंत 2 कोटी 30 लाख प्रकाशवर्षं लांब. आपली आख्खी आकाशगंगा साधारण 1 लाख प्रकाशवर्षं रुंद आहे, त्यावरून बघा. ते लोफारच्या सर्वेक्षणात सापडले, पण नेमक्या कुठल्या दीर्घिकेतून निघालेत हे शोधायला खोडदच्या दुर्बिणीची मदत घेतली गेली.

मेलेल्या मात्र फार कमी सापडतात, शंभरात जेमतेम दहा, बहुधा त्याहूनही कमी. म्हणजे झोत थांबल्यावर फुगे बऱ्यापैकी लवकर दिसेनासे होतात, किंवा कृष्णविवर पुन्हा चालू होतं. पुन्हा चालू झाल्याच्या खुणाही दिसतात. काही दीर्घिकांना बाहेर जुन्या फुग्यांची जोडी असते आणि आत त्याच रेषेवर ताजी जोडी. माझं सगळं काम सध्या याच प्रश्नावर आहे, की बंद राहण्याचा काळ किती.

मामा विचारतो तसं, ह्याचा उपयोग काय? टोमॅटोचा भाव यामुळे वाढणार नाही. पण दीर्घिकांच्या समूहांमध्ये तापलेला वायू भरलेला असतो. तो थंड होऊन त्याचे भरमसाट तारे व्हायला हवेत, ते होत नाहीत. हे झोत त्याला तापता ठेवतात असं दिसतंय. मग झोत किती वेळ चालू आणि किती वेळ बंद, यावर तारे किती जन्मणार हे ठरतं. मला एवढं कारण पुरतं.

28 फेब्रुवारीला विज्ञान दिनी खोडदला लोकांना आत सोडतात. या वर्षी आईला घेऊन जा. तिथल्या मुलांना हेच प्रश्न विचारा, ती माझ्यापेक्षा बरं सांगतील. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याआधी उरकून घ्या, 'तोडणी झाल्यावर बघू' नको. पैसे दादाच्या खात्यावर टाकलेत. तारीख ठरली की कळवा, म्हणजे मी त्या दिवशी सुट्टी टाकून फोनजवळ राहीन.

तुमची,
ताई