मच्छरदाणी गादीखाली खोच

चिपळूण, बुधवार

सोनू,

रविवारी तू मधेच फोन ठेवलास. बाबा रोज म्हणतात, तू कर की तिला. मी केला नाही, कारण फोनवर परत काहीतरी बोलून बसेन. लिहिताना निदान खोडता येतं. "शिकलीस, पण शहाणी नाही झालीस" हे मी बोलायला नको होतं. रात्रभर जागून, न जेवता तू फोन केला होतास, आणि मी हे बोलले.

क्वार्टरमध्ये कॉट मिळाली का? नसेल तर दोन टेबलं जोड, पण खाली झोपू नकोस. मच्छरदाणी लाव आणि चारही बाजूंनी गादीखाली खोच. डासांसाठी नाही म्हणत मी, तुला माहीत आहे कशासाठी.

"शहाणी" हा शब्द आपल्या घरात कसाही वापरतात. ताटातलं सगळं संपवलंस की आजी म्हणायची, शहाणी गं माझी बाय. आणि उलट बोललीस की मीच म्हणायचे, फार शहाणी झालीस! तुझा त्या शब्दावर राग असणारच. मला म्हणायचं होतं ते वेगळं होतं, आणि ते मला धड सांगता येत नाही. बघते येतं का.

त्या साप चावलेल्या म्हाताऱ्याला आधी मांत्रिकाकडे नेलं, दोन तास घालवले, म्हणून तू त्याच्या मुलांवर ओरडलीस. कोणाचंही डोकं फिरेल. पण त्या वाडीतून पुढच्या वेळी कोणी आलं तर ते दोन तासांचा अर्धा तास सांगतील. पायाला दोरी आवळली होती हे सांगणारच नाहीत, गेटाबाहेर सोडून आत येतील. तुला तर वेळ खरी कळायला हवी, दोरी कधी सोडली ते कळायला हवं. फुरसं असो, घोणस असो, वीस मिनिटं काचेच्या नळीत रक्त ठेवून ते गोठतं का हे तू बघशील. पण माणूस खोटं सांगतोय हे कुठल्या नळीत कळणार? आणि मण्यार असली तर रक्त व्यवस्थित गोठतं. मग उरतं फक्त ते काय सांगतात ते, आणि तुझे डोळे.

लागले मी शिकवायला! सापाच्या विषावरच्या लसीची बाटली हलवू नकोस, फेस येतो, हातात हळू फिरव, हेही लिहिणार होते. एएनएम, म्हणजे साधी नर्स, डॉक्टरला शिकवतेय. तुझ्या नावाची पाटी लागली का? लागली की फोटो पाठव. बाबांनी तुझा कोटातला फोटो त्यांच्या पेन्शनर लोकांच्या ग्रुपवर तीनदा टाकला, शेवटी कोणीतरी म्हणालं, पोचला हो.

तुला न सांगितलेली एक गोष्ट आहे. 1996 चा ऑगस्ट. तू नव्हतीस, दादा दीड वर्षाचा. पहाटे पाचच्या सुमाराला एक बाई आठ-नऊ वर्षांच्या पोराला घेऊन आली. पोटात दुखतंय, एक उलटी झालेली. डॉक्टर बाहेरगावी. मी अंगभर पाहिलं, कुठे डंख नाही, सूज नाही. पोटाचं औषध दिलं आणि बाकावर निजवलं. मण्यारीचं सगळं मला येत होतं गं! तीनच महिन्यांपूर्वी प्रशिक्षण करून आले होते. पावसाळ्यात, रात्री, खाली झोपलेल्या माणसाला. डंख दिसत नाही, पोट दुखतं, पापण्या पडतात. हे वहीत लाल शाईने लिहिलं होतं, आणि वही टेबलाच्या खणात होती.

आमच्या झाडलोटीच्या मावशी बाकाखालून झाडू काढता काढता थांबल्या. म्हणाल्या, "बाई, ह्या पोराचे डोळे झोपेचे नायत. ह्याला पान लागलंय." म्हणजे साप चावलाय. मी म्हटलं, मावशी, तुम्ही तुमचं काम करा.

त्या गेल्या नाहीत. झाडू धरून तिथेच उभ्या राहिल्या. पंधराएक मिनिटांनी पोराला पाणी पाजायला गेले तर त्याला गिळता येईना. मग धावपळ. होती तेवढी लस सुरू केली, जीप काढली, आणि तालुक्यापर्यंत मी श्वासाची पिशवी दाबत गेले. दोन दिवस अंगठा वाकत नव्हता. पोर वाचलं. आता रिक्षा चालवतो, माझ्याकडून पैसे घेत नाही. त्याची आई चारचौघांत सांगते, ह्या सिस्टरनी वाचवलं माझं पोर. मी गप्प बसते. मावशी वारल्या त्याला अकरा वर्षं झाली. त्यांना मी कधी काही बोलले नाही, दिवाळीला साडी तेवढी दिली.

बावसकर डॉक्टरांचं पुराण मी पुन्हा लावणार म्हणून दादा आत्ताच हसत असेल. हसू दे. 1976 मध्ये ते बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले तेव्हा कोकणात लाल विंचू चावून माणसं मरत होती आणि हाती ठोस उपाय नव्हता. ते खाटेशी बसून राहिले. घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, दम कधी लागला, टिपत गेले. 1982 मध्ये ते लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या नामांकित नियतकालिकात छापून आलं. रक्तदाबाची प्राझोसिनची गोळी विंचवाला चालते हे त्यांनी पुढे दाखवलं, आणि 2022 मध्ये पद्मश्री. तुम्ही मुलं गोळीचं नाव पाठ करता. मला ते बसून राहणं आठवतं.

तूही बसतेस हं. आजीच्या शेवटच्या दिवसांत तू बारावीचं पुस्तक घेऊन तिच्या उशाशी बसायचीस, आणि तिची तहान मी नर्स असून तुला आधी कळायची. हे रविवारी आठवायला हवं होतं.

कधीतरी रात्री तुझ्या हातून पहिलं माणूस जाईल. सरकारी सेवेच्या बाँडचं वर्ष आहे, सोबत कोणी सीनियर नसेल. तेव्हा मला फोन कर, कितीही वाजू देत. मी काही बोलणार नाही. प्रयत्न करेन.

उद्याच्या सकाळच्या एसटीने मच्छरदाणी पाठवतेय, डबल बेडची, म्हणजे खोचायला भरपूर कापड राहील. चारही कोपऱ्यांना नवीन नाड्या शिवल्यात. सोबत टॉर्च आणि थोडं मेतकूट. चप्पल घालण्याआधी झटकत जा.

आई

ता.क. तो म्हातारा कसा आहे? रविवारी एवढं बोलले, पण ते विचारलंच नाही.