तुम्ही खोडलेल्या दोन ओळींबद्दल

आदरणीय वकीलताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. आता तुमचे आभार उघडपणे मानावेत, असं घरात ठरलं. नाव मात्र लिहीत नाही, तुमचंही नाही.

केंद्र सरकारच्या एका उपक्रमात मी भांडार सांभाळत होतो. जो माल कधी आलाच नाही, त्याची बिलं निघत होती. तुमच्याकडे आलो तेव्हा तक्रारीखाली ठसठशीत सही होती आणि एक प्रत थेट साहेबांच्या टेबलावर ठेवायची, असं डोक्यात होतं. तुम्ही आधी पाणी दिलंत, मग सतीश शेट्टींचा विषय काढलात. तळेगावातली जमिनींची प्रकरणं बाहेर काढणारा माणूस. पोलीस संरक्षण मागितलं होतं, तरी १३ जानेवारी २०१० च्या सकाळी फिरायला गेले असताना त्यांना मारलं. मी घाईत होतो, ते तुम्ही ओळखलंत.

महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांच्या खुनानंतर, २००४ मध्ये, तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवण्यासाठी केंद्रानं काढलेला ठराव तुमच्याकडूनच कळला. बंद पाकीट केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांना पाठवायचं. पाकिटावर आपलं नाव नको, आत हवंच, कारण निनावी तक्रार ते घेत नाहीत. पोच येत नाही, वाट बघू नका, असंही बजावलंत.

आणि मग लाल पेन घेऊन दोन ओळी खोडल्यात. त्यातली माहिती असलेली वही भांडारातल्या आम्हा दोघांच्याच हाताखाली असायची. नाव झाकलं तरी त्या ओळींनी मला उघडं पाडलं असतं. ताई, पुढची सगळी वर्षं मी त्या दोन ओळींमुळे शांत झोपलो.

त्याच दिवशी तुम्ही सांगितलंत, जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाच्या कायद्यावर ९ मे २०१४ ला राष्ट्रपतींची सही झाली, पण तो लागूच केलेला नाही. मला खरं वाटेना. तक्रारदाराला त्रास झाला, तर तो सूडापोटी दिलेला नाही हे कार्यालयानं सिद्ध करायचं, असं कलम त्यात आहे. ओळख फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हे सगळं कागदावर पडून आहे, आणि बदली झालेला माणूस एकटाच खेटे घालतो. हा कायदा लागू व्हायलाच हवा. तोपर्यंत मी प्रत्येक खासदाराला पत्र लिहिणार आहे; आता वेळ आहे.

राज्य सरकारच्या नोकरीतल्या एका मुलाला तुमचा पत्ता दिलाय. केंद्राचा ठराव त्याला लागू नाही, हे मी त्याला सांगितलं. कागद घेऊन येईल. त्याच्याही ओळी एकदा वाचून बघा.

तुमचा ऋणी,
एक जुना अशील