बाहेरचा डबा अडवलात, तर आत वेळेवर जेवायला द्या

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: उद्यानातील जेवणाची गैरसोय, छापील किमतीपेक्षा जादा आकारणी आणि कुटुंबांना पाठवलेल्या चुकीच्या सूचना

महोदय,

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे मिळून आपल्या मनोरंजन उद्यानात आलो होतो. सांगलीहून मी, माझे मिस्टर, आमची दोन मुलं आणि सासूबाई. साताऱ्याहून नणंद, तिचे यजमान आणि त्यांची दहा महिन्यांची मुलगी. राइड्सबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पोरांना मजा आली, तिथली माणसं सुरक्षेचे पट्टे स्वतः हाताने ओढून तपासत होती, स्वच्छतागृहं चांगली होती. तक्रार आहे ती जेवणाची. आणि ती मी शेवटापर्यंत नेणार आहे, कारण त्या दिवशी तुमच्या जेवणाच्या रांगेत माझ्या सासूबाईंची रक्तातली साखर उतरली.

बुकिंग झालं त्याच दिवशी तुमच्याकडून ‘कुटुंबासाठी जेवणाच्या टिपा’ असं एक पत्रक मोबाइलवर आलं. बुफेचं कूपन आधीच घ्या म्हणजे रांग टळेल. जेवण दुपारी १२ ते ३.३० सुरू असतं. १२ वर्षांखालील मुलांना बालदर आहे. जैन आणि उपवासाचे पदार्थ मिळतात. ज्येष्ठ नागरिक व लहान बाळांची सोय केली जाते. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. एवढ्या लांबून म्हाताऱ्या माणसाला आणि तान्ह्या पोरीला घेऊन यायचं, म्हणून मी ते पत्रक वाचूनच सगळं ठरवलं. कूपनं आठवडाभर आधी घेतली. पैसे पूर्ण भरले. शेवटची अट सोडली तर पत्रकातला एकही शब्द तुम्ही पाळला नाहीत.

ती अट मात्र फाटकावर फार कडकपणे पाळली गेली. सासूबाईंना बारा-तेरा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांच्यासाठी मी दुधात पीठ मळून केलेल्या, मीठ घातलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. पांढऱ्या सुती फडक्यात गुंडाळलेल्या, स्टीलच्या चपट्या डब्यात. शिवाय मुलांसाठी भडंगाचं पाकीट. तुमच्या सुरक्षारक्षकाने डबा उघडला, फडकं बोटाने उचकटलं, वरची दशमी उलटी करून पाहिली आणि ‘कचऱ्यात टाका नाहीतर गाडीत ठेवून या’ म्हणाला. आम्ही बसने आलेलो. सासूबाईंच्या औषधांची चिठ्ठी दाखवली, ती त्याने वाचलीसुद्धा नाही. शेवटी दशम्या फाटकाजवळच्या पिंपात गेल्या. त्या पिंपात पोळीभाजीचे, धपाट्यांचे, उकडलेल्या अंड्यांचे कितीतरी डबे ओतलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. त्या रक्षकावर माझा राग नाही, त्याला जे सांगितलंय ते तो करतो. राग आहे तो हा नियम करून पुढची जबाबदारी झटकणाऱ्यांवर.

मी विश्रामबागला इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी खाणावळ चालवते. परीक्षेच्या दिवसांत एका तासात किती ताटं उठतात आणि रांग कुठे अडते हे मला कुणी शिकवायला नको. त्यामुळे पुढचं मी रागाच्या भरात लिहीत नाही, माहिती असलेल्या माणसाने लिहावं तसं लिहिते.

आमच्या कूपनावर जेवणाची वेळ १२.३० छापलेली होती. सासूबाईंची साखर कमी करणारी गोळी जेवणाआधी घ्यायची असते. आम्ही वेळेवर बुफेच्या दाराशी पोचलो, ताट समोर येणार या हिशेबाने त्यांनी गोळी घेतली. रांग दारातून बाहेर, उन्हात, कारंज्याला वळसा घालून पार फोटोच्या दुकानापर्यंत गेली होती. आत जागा होती! काचेतून रिकामी टेबलं दिसत होती. अडचण एवढीच की मनगटावरचा पट्टा तपासून आत सोडणारा एकच मुलगा होता आणि त्याचं यंत्र सारखं अडकत होतं. १२.३० ची वेळ दिलेले, १ ची वेळ दिलेले आणि कूपनच न घेतलेले, सगळे एकाच रांगेत. वेळ छापायची आणि त्या वेळेला किती माणसं येणार हे बघायचंच नाही, तर ती वेळ छापली कशाला?

पाऊण तास उलटल्यावर सासूबाईंना दरदरून घाम सुटला. हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. माझ्याकडे साखर तपासायचं यंत्र होतं. ५८ आली. ७० च्या खाली गेली की वाट बघायची नसते. पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, लगेच तोंडात गेली पाहिजे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं असतं. मी काउंटरवर धावत गेले, साखर मागितली. उत्तर मिळालं, ‘सुटी साखर देत नाही, सरबत घ्या.’ सरबत घ्यायला फूड कार्ड लागतं. कार्ड रिचार्ज करायची खिडकी पलीकडे, तिथे वेगळी रांग. रोख पैसे चालत नाहीत. मी हातात नोटा धरून उभी होते आणि मला एक पेला साखरपाणी मिळत नव्हतं. रांगेतल्याच एका बाईंनी पर्समधून लिमलेटच्या गोळ्या काढून दिल्या, त्यावर सासूबाई सावरल्या. त्या गोळ्यासुद्धा तुमच्या नियमाने बाहेरचा खाद्यपदार्थच होत्या.

प्रथमोपचाराची माणसं आली तेव्हा सासूबाई बसून बोलत होत्या. ती माणसं चांगली वागली. पण तुमच्या जेवणघरातल्या एकाही कर्मचाऱ्याला अशा वेळी काय करायचं हे सांगितलेलं नव्हतं, ही गंभीर गोष्ट आहे. आपल्याकडे आता बऱ्याच घरांत एखादा तरी मधुमेही निघतो. रोज हजारोंनी माणसं आत घेणाऱ्या जागेला हे नवीन असू नये.

आत गेल्यावर जेवण कसं होतं तेही सांगते. पनीरच्या भाजीच्या भांड्याखालची ज्योत विझलेली होती, भाजी कोमट, वर तेलाची साय. शिजवलेलं गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवायचं असतं, हे अन्नसुरक्षेच्या नियमात आहे आणि मे महिन्याच्या उकाड्यात त्याला फार महत्त्व आहे. माझ्यासारख्या छोट्या खाणावळीला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, तपासणी होते, आणि मी ते मनापासून पाळते. तुमच्या पावतीवर १४ अंकी परवाना क्रमांकसुद्धा नाही. १ जानेवारी २०२२ पासून तो पावतीवर छापणं बंधनकारक आहे. साधं वरण, दही, मऊ भात यातलं काहीच नव्हतं. होतं ते मैद्याचं, तळलेलं आणि गोड. मधुमेही माणसाने त्यातलं काय खायचं? सासूबाईंनी काकडी आणि थोडा कोरडा भात खाल्ला.

नणंदेचा शनिवारचा उपवास होता. पत्रकात उपवासाचे पदार्थ मिळतात असं लिहिलेलं, म्हणून तिने काही बरोबर घेतलं नाही. मिळाले बटाट्याचे वेफर्स, तेही नेहमीच्या मिठाचे. तिच्या मुलीसाठी तिने फ्लास्कमध्ये नाचणीचं सत्त्व करून आणलं होतं. फाटकावर ‘फक्त दुधाची बाटली चालेल’ असं सांगितलं गेलं. सहा महिन्यांनंतर बाळाला दुधाबरोबर वरचं अन्न लागतं, हे अंगणवाडीतही सांगतात. फ्लास्क गेला. बरोबरची सुक्या पिठाची पुडी वाचली, पण आत ते शिजवणार कुठे? नुसत्या गरम पाण्यासाठी एका चहाचे पैसे घेतले.

आमचा थोरला अकरा वर्षांचा आहे. बालदराचं कूपन दाखवल्यावर त्याला उंचीच्या पट्टीपाशी उभं केलं आणि मोठ्या माणसाच्या ताटाचा फरक वसूल केला. राइडला उंची लागते हे समजतं. जेवायला उंची लावायची, तर मग पत्रकात वय कशाला लिहिता? जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार कार्ड दाखवलं, तेही मान्य झालं नाही.

आता पैशांचं. पिण्याच्या पाण्याचा नळ नकाशात तीन ठिकाणी दाखवला आहे. त्यातले दोन बंद होते, तिसऱ्यातून गरम पाणी येत होतं. फिरत्या गाडीवर २० रुपये छापलेली पाण्याची बाटली ५० ला विकली गेली. विचारलं तर ‘इथली एमआरपी वेगळी’. हॉटेलात टेबलावर बसवून सेवा दिली तर बाटलीला जास्त घेता येतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे, तो मला ठाऊक आहे. पण आम्हाला ना टेबल मिळालं, ना पंखा. उन्हात उभ्याउभ्या गाडीवरून विकलेली बाटली ही किरकोळ विक्रीच झाली, आणि आवेष्टित, म्हणजे बंद वेष्टनातल्या, वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे छापील किमतीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही. एकाच मालावर दोन छापील किमती ठेवायलाही १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. त्याशिवाय बुफेच्या बिलात सेवाशुल्क न विचारता जोडलेलं आहे. असं आपोआप जोडू नये, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये दिल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. फूड कार्डावर उरलेली रक्कम तर परतच मिळाली नाही. ‘पुढच्या वेळी वापरा’ म्हणे.

बाहेरचं अन्न अडवायचा हक्क आहे, असं तुम्ही उत्तर द्याल. ३ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सिनेमागृहांच्या बाबतीत तो हक्क मान्य केला, हे खरं. पण त्याच निकालात पिण्याचं पाणी मोफत द्यावं आणि तान्ह्या मुलांसाठी पालकांना पुरेसं अन्न नेऊ द्यावं, हेही आलं आहे. सिनेमा तीन तासांचा असतो. तुमच्याकडे माणूस सकाळी आत शिरतो तो संध्याकाळी बाहेर पडतो, आणि मध्ये बाहेर जाऊन परत यायची सोय नाही. दिवसभर ज्याला तुम्ही फाटकाच्या आत ठेवलंत आणि ज्याचा डबा काढून घेतलात, त्याच्या पोटाची जबाबदारी तुमच्यावर येते. माझं म्हणणं एवढंच आहे आणि त्यावरून मी हटणार नाही.

हे सुधारणं अवघड नाही. वेळ छापलेल्या कूपनांना वेगळं दार द्या आणि अर्ध्या तासाला बसतील तेवढीच कूपनं विका. माझ्याकडे जागा कमी आणि मुलं जास्त, तरी मी पाळ्या लावते आणि कुणी ताटकळत नाही. ज्येष्ठ, गरोदर बाया आणि तान्ही मुलं असलेल्यांना थेट आत घ्या. एका कोपऱ्यात वरण-भात, दही, भाकरी किंवा पोळी आणि एक पालेभाजी ठेवा. तुमच्या पनीरपेक्षा ते स्वस्तात होईल आणि जास्त खपेल. शनिवारी, चतुर्थीला, एकादशीला साबुदाण्याची खिचडी किंवा वरीचा भात करा. प्रत्येक काउंटरवर साखरेचा डबा ठेवा आणि तो कुणालाही, कधीही, पैशांवाचून मिळेल असं सांगून ठेवा. डॉक्टरांची चिठ्ठी असेल त्याचा आणि बाळाचा डबा फाटकावर अडवू नका.

आणि ते टिपांचं पत्रक बदला. सुट्टीच्या दिवशी बुफेला किती वेळ लागतो, गर्दी किती वाजता ओसरते, बालदर वयावर की उंचीवर, कार्डातले पैसे परत मिळतात की नाही, उपवासाला नेमकं काय मिळतं, पाण्याचे कोणते नळ चालू आहेत, हे खरंखरं लिहा. खरं लिहिलंत तर लोक त्या हिशेबाने येतील. दुपारी १२ लाच जेवून घेतील, नाहीतर दुपारी अडीचनंतर जातील. आम्हीही तसंच केलं असतं.

माझ्या मागण्या अशा: थोरल्या मुलाच्या ताटाचा फरक, न विचारता घेतलेलं सेवाशुल्क, पाण्याच्या बाटल्यांची जादा किंमत आणि फूड कार्डावरची शिल्लक परत करावी. सासूबाईंना झालेल्या त्रासाबद्दल त्यांच्या नावाने लेखी दिलगिरीचं पत्र पाठवावं. मधुमेही आणि तान्ह्या मुलांच्या अन्नाबाबतचा नियम बदलल्याचं मला लेखी कळवावं. मोफत तिकिटं किंवा सवलतीची कूपनं देऊ केलीत तर ती मी घेणार नाही.

पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे मला तुमच्या गावी खेटे घालायची गरज नाही. पाण्याच्या बाटलीचं प्रकरण वजनमापं आणि छापील किमती तपासणाऱ्या वैधमापनशास्त्र विभागाकडे वेगळं देत आहे.

कळावे,

आपली ग्राहक,
विश्रामबाग, सांगली

सोबत: बुकिंगची पावती, कूपनं, बुफेचं बिल, पाण्याच्या बाटलीचा व पावतीचा फोटो, मुलाच्या आधार कार्डाची प्रत, सासूबाईंच्या औषधांची चिठ्ठी, तुम्ही पाठवलेलं टिपांचं पत्रक