नालीवाल्या भाऊंना, थोडं आभाराचं अन् थोडं कबुलीचं

भाऊ,

स. न. वि. वि.

पत्रात तुमचं नाव घालत नाही, कारण "नाव कायले टाकता बाई" असं तुम्हीच म्हणालात.

महालक्ष्म्या बसायला दोन दिवस उरले होते. सोळा भाज्यांची जमवाजमव, पितळेची भांडी, पाहुणे, आणि न्हाणीतलं पाणी जायच्याऐवजी वर येत होतं. वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की जाळीतून काळं पाणी उसळायचं, त्यावर आमचीच चहापत्ती तरंगायची. वाडा आजेसासऱ्यांच्या वेळचा, पण संडास-न्हाणीची लाइन मागाहून टाकलेली, खापरी पाइपांची. ती कुठून कुठे जाते हे सांगणारं घरात आता कोणी राहिलं नाही.

तुमच्याआधी दोघं येऊन गेले होते. एक म्हणाला ॲसिड ओतू, दुसऱ्याने अख्खं अंगण खोदायचा हिशेब सांगितला. तुम्ही सामान खाली ठेवायच्या आधी विचारलं, "याच्यात काई टाकलं का बाई?"

मी नाही म्हणाले.

तुम्ही पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हणाले. तेव्हा सासूबाई ओसरीवरून बोलल्या, "टाकलं न तिनं काल राती. कॉस्टिकची अख्खी पुडी." तुम्ही रागावला असता तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत पांढरा चट्टा. "त्या घरीबी नाईच म्हनलं होतं." मग लांब हातमोजे चढवले, चष्मा लावला आणि आम्हाला मागे सरकायला सांगितलं.

कॉस्टिक पाण्यात पडलं की पाणी तापतं, आणि त्यावर कोणी ॲसिड ओतलं तर ते तोंडावर उडू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. दहावीला विज्ञानात बरे मार्क होते माझे!

त्यानंतरचं तुमचं काम मी ओसरीवर बसून पाहिलं. न्हाणीजवळच्या चेंबरचं झाकण काढलं तर ते काठोकाठ भरलेलं. फाटकाजवळचं उघडलं तर कोरडं. म्हणजे अडलंय ते या दोघांच्या मध्येच, आणि मध्ये उभा आहे आमचा कडुनिंब. कोरड्या बाजूने तुम्ही सळ्या एकाला एक जोडत आत सारल्या. मुलगा मदतीला आला तर त्याला म्हणालात, उजवीकडेच फिरव, डावीकडे फिरवली तर जोड सुटून सळी आतच राहते. अर्ध्या तासाने जे बाहेर आलं ते मला आधी मेलेलं जनावरच वाटलं. मुळं होती, केसांसारखी बारीक, त्यात तूप-तेलाचा थर आणि आमचे केस गुंतलेले. खापरी पाइपाचा सिमेंटचा सांधा तडकला की ओलाव्यामागे मुळं आत शिरतात. माझ्या पुडीने त्यांचं काय होणार होतं? खोदकाम झालं ते झाडाजवळ चार हात. तेवढा पाइप पीव्हीसीचा टाकलात, चाळीस फुटांना एक फूट उतार धरून.

शेजारचे काकाजी म्हणाले, आलेच आहात तर संडासाच्या टाकीतही उतरून पाहा, मैला उपसायच्या गाडीचे पैसे वाचतील. तुम्ही म्हणालात, "मी नाई उतरत बाप्पा, अन् कोनाले उतरूबी देत नाई. गाडी बलावा." साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, पण काकाजी गप्प झाले ते तुमच्या आवाजाने. गाडगेबाबांचं शेंडगाव आमच्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यात. दर 20 डिसेंबरला आम्ही खराटा धरून फोटो काढतो, आणि दुसऱ्याला टाकीत उतरायला सांगताना जीभ अडखळत नाही. त्या दिवशी मीही काकाजींना काही बोलले नाही, हेही इथेच सांगून टाकते.

पैसे तुम्ही ठरले तेवढेच घेतलेत. दुसऱ्या दिवशी पाणी नीट जातं का पाहायला सायकल वाकडी करून आलात, त्याचे काहीच घेतले नाहीत. आभार त्या फेरीचेही.

महालक्ष्म्यांचं जेवण निर्विघ्न झालं. खरकट्या भांड्यांतलं तूप आता आधी कागदाने पुसतो, सासूबाईंची त्यावर करडी नजर असते. आंबील आणि पुरणपोळीचा डबा तुमच्याकडेच आहे, तो सवडीने आणा. येताना वहिनींनाही घेऊन या.

आणि भाऊ, दोनदा खोटं बोलले, त्याची माफी त्या दिवशी मागायची राहून गेली. ती आज मागते.

आपली,
कडुनिंबाच्या वाड्यातली सूनबाई