प्रीमियम गाडी बघून ठरतो, चालवणारा बघून नाही

महोदय,

सप्रेम नमस्कार. ‘पाच वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, तरी इन्शुरन्स एवढा कसा?’ हा प्रश्न ओळखीपाळखीतले लोक मला अजून विचारतात. माझी उमेदीची वर्षं विम्याचा सर्व्हेयर म्हणून मोटारींचे क्लेम तपासण्यात गेली, त्यामुळे उत्तर माझ्याकडे असणार असं त्यांना वाटतं. उत्तर आहे, पण ते ऐकून कुणाचं समाधान होत नाही. आपल्याकडे कारचा प्रीमियम ठरवताना ती चालवतो कोण आणि कशी, हे फारसं कुणी विचारतच नाही.

थर्ड पार्टीपासूनच बघा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई देणारा विमा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे तो सक्तीचा आहे आणि त्याचे दर केंद्र सरकार ठरवतं, कंपनी नव्हे. जून २०२२ पासून जे दर लागू झाले, त्यात खासगी कारला हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये, हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. बस्स, एवढ्या तीन पायऱ्या. आता मारुतीची फ्रॉन्क्स घ्या. तिचं साधं पेट्रोल इंजिन ११९७ सीसीचं, ताकद सुमारे ९० पीएस. त्याच गाडीचं टर्बो इंजिन ९९८ सीसीचं, ताकद १०० पीएस. म्हणजे जी जास्त पळते तिचा थर्ड पार्टी १,३२२ रुपयांनी स्वस्त! सीसीवरून गाडीचा दांडगेपणा कळायचा तो काळ टर्बो आल्यावर संपला, तक्ता मात्र तिथेच आहे. इलेक्ट्रिक कारला या दरात १५ टक्के सवलत आहे. प्रदूषणासाठी ठीक, पण थर्ड पार्टीचे पैसे धडक बसलेल्या माणसाला भरपाई देण्यासाठी असतात. बॅटरीमुळे जड झालेल्या गाडीखाली आलेल्याला १५ टक्के कमी लागतं का?

आणि ज्याच्या नावावर सिग्नल तोडल्याची आणि वेगाची डझनभर ई-चलनं पडून आहेत त्याला, आणि ज्याने आयुष्यात हॉर्नसुद्धा जपून वाजवला त्याला, दोघांनाही थर्ड पार्टीचा आकडा एकच.

ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा), म्हणजे लोक ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात त्यातला दुसरा भाग, कंपन्यांच्या हातात आहे. १ जानेवारी २००७ पासून दर मोकळे झाले. तरी हिशेबाचा सांगाडा जुन्या टॅरिफचाच, म्हणजे ठरवून दिलेल्या दरपत्रकाचाच राहिला: गाडीचं वय, सीसी, आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) आणि झोन. त्या सांगाड्यावर कंपनी सूट देते. कुठल्या मॉडेलचे क्लेम किती येतात, सुटे भाग किती महाग, हे बघून ही सूट कमी-जास्त होते. शेजाऱ्याची गाडी तेवढ्याच किमतीची असून त्याला स्वस्त पडतो तो बहुधा यामुळे.

झोनबद्दल सांगतो, कारण आम्हा सांगलीकरांना त्याची गंमत वाटते. खासगी कारसाठी मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरं ‘ए’ झोनमध्ये, बाकी सगळा देश ‘बी’मध्ये. गाडी फिरते कुठे याला महत्त्व नाही, नोंदणी कुठली ते बघतात. एमएच-१० ची, म्हणजे सांगलीची गाडी घेऊन पोरगा रोज पुण्यात हिंजवडीच्या गर्दीत घासाघीस करत असला तरी झोन ‘बी’. पुण्याची एमएच-१२ ची गाडी निवृत्तीनंतर वाईला नेऊन अंगणात उभी केली तरी झोन ‘ए’. टॅरिफमध्ये फरक किरकोळच आहे. पाच वर्षांच्या आतल्या, हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला ‘ए’मध्ये आयडीव्हीच्या ३.२८३ टक्के आणि ‘बी’मध्ये ३.१९१ टक्के. पण हा तक्ता आखताना रहदारी बघितली, नदी बघितली नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या दिवसेंदिवस पाण्यात होत्या. नदीपासून लांबच्या विश्रामबागेतल्या आणि नदीकाठच्या गावभागातल्या गाडीला तक्त्यात दर एकच.

त्या पुरानंतरचे क्लेम बघितलेला माणूस एक गोष्ट विसरत नाही. पाणी ओसरल्यावर मालक पहिलं काय करतो, तर चावी फिरवतो. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जॅम होतं. साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण हे नुकसान चावी फिरवल्यामुळे झालं म्हणून नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं जादा संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. पुराच्या पुढच्या वर्षी सगळे घेतात, दोन कोरडे पावसाळे गेले की प्रीमियम कमी करायला पहिलं तेच काढतात.

चालवणाऱ्याची दखल घेणारी खरी एकच गोष्ट या सगळ्यात आहे, ती म्हणजे नो क्लेम बोनस. क्लेम न घेता एक वर्ष गेलं की ओन डॅमेजवर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. एक क्लेम घेतला की पुन्हा शून्य. नेमकं इथेच लोक स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात. समजा पुढचा बंपर फुटला. बंपर सहा हजाराचा, रंगकाम चार हजाराचं. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा संरक्षण) नसेल तर प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणून बंपरचे तीनच हजार मिळतात. रंगाच्या बिलातला पाव हिस्सा साहित्याचा धरून त्यावर निम्मा घसारा, म्हणजे पाचशे गेले. वर दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे एक हजार रुपये मालकाचे. दहा हजाराच्या बिलात हातात आले साडेपाच हजार.

आता गेले किती ते मोजा. बोनस धरण्याआधीचा ओन डॅमेजचा प्रीमियम दहा हजार असेल आणि तुम्ही ५० टक्क्यांवर पोचला असाल, तर पुढच्या वर्षी पाच हजार जास्त भराल. त्याच्या पुढच्या वर्षी तीन हजार, मग अडीच, दीड आणि शेवटी पाचशे. एकूण साडेबारा हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १४,७५० रुपये. आयडीव्ही दरवर्षी घटते म्हणून प्रत्यक्षात आकडा काहीसा खाली येईल, पण साडेपाच हजारांपर्यंत तो काही उतरत नाही. झिरो डेपमुळे हातात जास्त पडतात हे खरं, बोनस मात्र तेव्हाही जातो. बोनस वाचवणारं ॲड-ऑन, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जादा संरक्षण मिळतं, त्याचे पैसे वेगळे. गॅरेजमधला माणूस हा हिशेब सांगणार नाही, कारण त्याला काम हवं असतं. ‘इन्शुरन्समध्ये करून टाकू साहेब, तुमच्या खिशातला एक रुपया जाणार नाही,’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की कंटाळा आला.

शिवाय हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना माणूस पॉलिसीचा कागद गाडीबरोबर देऊन मोकळा होतो आणि नव्या गाडीला शून्यापासून सुरुवात करतो. कंपनीकडून बोनसचं पत्र मागून घेतलं तर तो तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीला लावता येतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की मात्र तो गेलाच.

स्वस्त कोटेशनबद्दल एवढंच सांगतो की आधी आयडीव्ही बघा. आठ लाखांच्या गाडीला दोन वर्षं पूर्ण झाली की ३० टक्के घसाऱ्याने ती ५ लाख ६० हजारांवर येते. कोटेशनमध्ये ४ लाख ८० हजार दिसले, तर प्रीमियममध्ये सात-आठशे वाचतील आणि गाडी चोरीला गेली तर ऐंशी हजार बुडतील. घरात दोन गाड्या एकाच्याच नावावर असतील तर १५ लाखांचा मालक-चालक अपघात विमा दोनदा भरायची गरज नाही, हेही फार जणांना कुणी सांगत नाही.

शोरूमवाले ‘इथूनच घ्या, नाहीतर कॅशलेस होणार नाही’ म्हणतात, तेव्हा ते पॉलिसीची नाही, कमिशनची काळजी करत असतात. विमा नियामकाच्या नियमांप्रमाणे डीलरला अशी सक्ती करता येत नाही. आणि एप्रिल २०२३ पासून प्रत्येक प्रकारच्या पॉलिसीवरची कमिशनची वेगळी मर्यादा काढून कंपनीच्या एकूण खर्चावरच मर्यादा ठेवली आहे, तेव्हा शोरूमचा आग्रह कमी होईल अशी आशा धरू नये.

कंपन्यांना जुलै २०२२ मध्ये नियामकाने गाडी किती आणि कशी चालवता यावर दर ठरवणारी ॲड-ऑन विकायला परवानगी दिली. माझ्यासारख्या, आठवड्यातून एकदा मिरजेला जाऊन येणाऱ्या माणसासाठी किलोमीटरवरचा प्रकार फायद्याचा आहे. पण तो ओन डॅमेजपुरता. थर्ड पार्टीचा तक्ता सीसीलाच चिकटून आहे, आणि रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाचा प्रश्न तर तिथेच आहे. ज्याची चलनं थकलेली आहेत त्याला थर्ड पार्टी महाग आणि ज्याचं रेकॉर्ड साफ त्याला स्वस्त, एवढं करायला नव्या यंत्रणेची गरज नाही. चलनं आणि पॉलिसी दोन्ही गाडीच्या नंबरवर ऑनलाइन दिसतात. गाडी दुसरा कुणी चालवत होता अशी सबब मालक सांगतील. सांगू देत, चावी त्यांनीच दिलेली असते.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. २०२२ चे दर लागू होण्याआधी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मसुदा काढून हरकती मागवल्या होत्या. पुढच्या वेळी असा मसुदा निघेल तेव्हा ‘विमा महागणार’ एवढ्या मथळ्यावर न थांबता तक्ता आणि हरकतींची शेवटची तारीख मराठीत पहिल्या पानावर छापावी. सीसीच्या पायऱ्यांवरची माझी हरकत मी लिहून ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त सर्व्हेयर, सांगली